ऑफिस वाढतंय, डेस्क आक्रसतंय: इंजिनिअरांनी नक्की मागायचं काय?

साकीनाका_उतरा

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची कंपनी मुंबईत, चांदिवलीला. दुकानदारांसाठी पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. दोन वर्षांपूर्वी साठ-सत्तर जण होतो, आता तीनशेच्या वर गेलोय आणि मजला तोच. आधी पुस्तकांची खोली गेली. मग टेबल टेनिस गेलं, त्याचं फारसं कुणाला दुःख नाही. मग दोन मीटिंग रूमच्या काचा उतरवून तिथे डेस्कं टाकली. आता शेजारच्याने कोपर हलवलं की माझा चहाचा कप सरकतो. त्यात सेल्सची टीम आमच्या पाठीला पाठ लावून बसवलीये आणि त्यांच्याकडे एक पितळी घंटा आहे. दुकानदार साइन झाला की वाजवायची. महिनाअखेरीला ती थांबतच नाही. परवा सेटलमेंटची फाइल अडकलेली, बँकेचा माणूस फोनवर, मी एका कानात बोट घालून लॉग वाचतोय, आणि मागे घंटा, टाळ्या, कुणीतरी पेढे घेऊन हजर.

मॅनेजमेंटपुढे दोन पर्याय आहेत. एक, नवी मुंबईत ऐरोलीला मोठी जागा. दोन, इथेच वरचा अर्धा मजला घ्यायचा आणि 'हॉट डेस्क' करायचं, म्हणजे दहा माणसांमागे सात डेस्कं, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. इंजिनिअरिंगतर्फे आम्ही तिघे कमिटीत आहोत. आम्हाला सांगितलंय की कुठेही गेलो तरी तुमच्या तीन मागण्या द्या. तीनच. टीममध्ये विचारलं तर चाळीस निघाल्या, त्यात एकाची बीनबॅग आहे.

तुमच्या अनुभवावरून सांगा, कोणत्या तीन?

---

कसारा_लोकल

१. घंटा काढा.
२. घंटा काढा.
३. पेढे राहू द्या.

---

शांतता_राखा

दार असलेल्या खोल्या. चार-सहा जणांची एक टीम, तिला एक खोली, तिला एक दार. बाकी दोन मागण्या काय हव्या त्या घाला.

'ओपन ऑफिसात लोक एकमेकांशी बोलतात, त्यातून कल्पना सुचतात' हे पालुपद प्रत्येक नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला ऐकलंय. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन या दोघांनी ते मोजून बघितलं. दोन मोठ्या कंपन्या भिंती काढून मोकळ्या मजल्यावर येणार होत्या. लोकांच्या गळ्यात सेन्सर अडकवून आधीचं आणि नंतरचं बोलणं टिपलं. २०१८ साली निबंध आला: समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-चॅट वाढलं. यात नवल काही नाही. चाळीस जण ऐकताहेत म्हटल्यावर माणूस शेजारच्यालाही चॅटवरच विचारतो.

गंमत म्हणजे ज्या क्यूबिकलला आपण नावं ठेवायचो, तेही मुळात प्रशस्त होतं. रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात हर्मन मिलरसाठी हलवता येणाऱ्या पार्टिशनांची मांडणी काढली, हेतू हा की कामाप्रमाणे जागा बदलता यावी. कंपन्यांनी तीच पार्टिशनं आवळत आवळत खुराडी केली. मग खुराडी वाईट म्हणून पार्टिशनंही काढली. जागा मात्र कुणी परत दिली नाही.

---

ठाण्याची_मीनल

शांतता हवीच, पण कमिटीत तिघेही पुरुष आहात का? विचारते कारण एक प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. माणसं पाचपट झाली, लेडीज टॉयलेट किती वाढली? माझ्या आधीच्या ऑफिसात मजल्यावर दोन होती, त्यातल्या एकात हाउसकीपिंगच्या बादल्या आणि फिनेलचे कॅन. दुपारी दीड वाजता रांग जिन्यापर्यंत.

दुसरं, रिलीजची रात्र, म्हणजे नवं सॉफ्टवेअर सोडतात ती. साडेबाराला खाली उभं राहून अ‍ॅपवर गाडी शोधायची. ड्रायव्हर फोन करून विचारणार 'कहाँ जाना है', ठाणे ऐकलं की कॅन्सल. 'बिल लावा, पैसे देतो' याला काही अर्थ नाही. गाडी कंपनीची हवी आणि ती खाली उभी हवी.

तिसरं पाळणाघर. आमच्या एचआरने सांगितलं, 'टाय-अप आहे'. ते निघालं पवईच्या पार दुसऱ्या टोकाला. दूध पाजायला जाऊन येईस्तोवर स्टँडअप मीटिंग, लंच आणि अर्धा मूड संपायचा.

आणि एसी. आमच्याकडे बाईमाणसाच्या प्रत्येक खुर्चीला शाल लटकलेली असते. बाहेर मे महिना.

---

साकीनाका_उतरा

@मीनल, हो, तिघेही पुरुष. चूक लक्षात आणून दिलीत. उद्याच क्यूएमधल्या (सॉफ्टवेअर तपासणारी टीम) एका सहकारिणीला घेतो. टॉयलेट चाळीसांच्या यादीतही नव्हतं.

---

नवखा_डोंबिवली

सगळे ज्येष्ठ भिंती मागताहेत म्हणून भीत भीत लिहितो. मला ओपन फ्लोअर आवडतो.

मी गेल्या वर्षी कॉलेजातून थेट लागलो. जे शिकलो त्यातलं निम्मं कुणी शिकवलेलं नाही, कानावर पडलेलं आहे. मागच्या रांगेतली सीनिअर डेटाबेसवाल्याशी भांडते, 'इंडेक्स टाकून काय होणार, क्वेरी बघ आधी', आणि मी आपलं काम सोडून ऐकतो. खोलीला दार लावलं तर मी दाराबाहेर.

आणि ते दोन दिवस घरून काम. आमच्याकडे वन रूम किचन, माणसं पाच. आजी दिवसभर टीव्ही लावते, तिला ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा. टेबल नाही. लॉकडाऊनमध्ये पहिलं सेमिस्टर शिवणाच्या मशीनवर लॅपटॉप ठेवून केलं. मला ऑफिसची खुर्ची म्हणजे आयुष्यातली पहिली स्वतःची खुर्ची. ती पण आता रोज सकाळी शोधायची?

---

शांतता_राखा

नवखा, तुझ्या पहिल्या मुद्द्याला उत्तर आहे: सीनिअरच्या खोलीत तुझंही डेस्क हवं. टीमची खोली म्हटलंय, सीनिअरची नाही.

दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे घरी वेगळी खोली आहे, त्यामुळे मला हॉट डेस्क चालून जातं. हे कमिटीच्या सर्व्हेत विचारायला हवं: घरी टेबल आहे का?

---

सीप्झचा_जुना

हॉट डेस्क, हॉट डेस्क काय लावलंय. मी ऐंशीच्या दशकात सीप्झमध्ये (अंधेरीचं निर्यात क्षेत्र) लागलो तेव्हा टर्मिनलं, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले पडदे-कीबोर्ड, मोजकी आणि माणसं तिप्पट. शिफ्टप्रमाणे बसायचं. आपली वेळ संपली की मागचा माणूस पाठीशी येऊन उभा. प्रोग्रॅम कागदावर लिहून, डोक्यात चालवून मगच टर्मिनलला हात लावायचा.

कॉम्प्युटर रूममध्ये तर देवघरात शिरावं तसं चपला बाहेर काढून जायचं. एसी मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हे. उन्हाळ्यात प्रिंटआउट आणायला कोण जाणार यावरून भांडणं, कारण सगळ्यांनाच जायचं असायचं.

पण एक सांगतो. टर्मिनल सामाईक असलं तरी प्रत्येकाला एक टेबल होतं, ड्रॉवर होता आणि त्याची किल्ली होती. ड्रॉवरमध्ये डबा, छत्री, कुणाची तंबाखू. जागा कितीही कमी असो, माणसाला आपली एक किल्ली लागते. हॉट डेस्क करणारे लोक आधी लॉकर कमी करतात, ते बघा.

---

खवट_पारलेकर

वाचून डोळे पाणावले. एसीत बसून शाल पांघरतात, फुकट कॉफी पितात आणि तक्रार काय तर घंटा वाजते. माझी बहीण महापालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे, तिला खुर्चीच नाही. ओपन-क्लोज्ड दूरच राहिलं. पगार बघा, शेअर बघा, मग मागण्या करा. मोठमोठे उद्योगपती सांगताहेत जास्त तास काम करा, आणि इथे बीनबॅग.

---

कसारा_लोकल

पारलेकर, त्या तासांचा जरा हिशेब करू. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं गाजलं. म्हणजे सव्वा वर्षात २० तास. या दराने २०२९ च्या दिवाळीच्या सुमारास आठवड्याचे १६८ तास पूर्ण भरतात. त्यानंतर उटणं कधी लावायचं?

---

ठाण्याची_मीनल

पारलेकर, तुमच्या बहिणीला खुर्ची मिळायलाच हवी. पण आमच्या खुर्च्या काढल्या म्हणून ती तिला मिळणार नाही.

---

कलम_वाचा

मी कामगार कायद्यात काम करतो, म्हणून मूळ प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने. वरच्या निम्म्या मागण्या मागण्याच नाहीत. त्या कायद्यात आहेत.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आयटी कंपन्यांनाही लागू आहे. मूळ तरतूद दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८, त्यावर काम केलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. सप्टेंबर २०२५ मध्ये रोजची मर्यादा १० तासांवर न्यायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. महिलांना रात्री ९:३० नंतर थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची. तेव्हा मीनलताई, खाली उभी असलेली गाडी ही कृपा नव्हे.

पाळणाघर: ५० किंवा जास्त कामगार असतील तर हवंच. अनेक आस्थापनांनी मिळून एक काढलं तरी चालतं, पण एक किलोमीटरच्या आत. पवईचं दुसरं टोक त्यात बसतं का ते नकाशावर मोजा. शिवाय मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा आली. १०० किंवा जास्त कामगार असतील तर कॅन्टीन.

आता मेख. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरची माणसं या कायद्यातून वगळली आहेत. पण अशा पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर लावायची असते. ती लावली आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी 'लीड' नाव दिलं की माणूस मॅनेजर झाला असं धरून चालतात, मग त्याच्या हाताखाली कुणी असो वा नसो.

माझा सल्ला: कायद्याने जे द्यायचंच आहे त्यावर तुमच्या तीनपैकी एकही मागणी खर्च करू नका. त्याचा वेगळा कागद करा, वर 'पूर्तता' असं लिहा आणि एचआरच्या हातात द्या. एचआरला मागणी नाकारता येते. पूर्ततेच्या कागदावर 'नाही' असं लिहून सही करायला कुणी धजत नाही.

---

नवखा_डोंबिवली

सर, आमच्या टीममध्ये सात जण आहेत आणि चार लीड आहेत.

---

नकाशेवाली

ऑफिसांचे इंटिरिअर करते, मुंबई-नवी मुंबईत. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं सांगते.

जागा दाखवताना दलाल जो आकडा सांगतो तो चार्जेबल एरियाचा, म्हणजे ज्यावर भाडं लागतं त्याचा असतो. प्रत्यक्ष कारपेट, म्हणजे आतली वापरायची जागा, पुष्कळदा त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. मॅनेजमेंट डोक्यात मोठ्या आकड्याला माणसांनी भागते आणि म्हणते, भरपूर जागा आहे. मग आम्ही आराखडा काढायला बसतो आणि पहिली जाते ती मीटिंग रूम.

दुसरं, आग. राष्ट्रीय इमारत संहितेत ऑफिसच्या वापरासाठी माणशी १० चौरस मीटर धरून जिने आणि बाहेर पडायचे मार्ग मोजतात. म्हणजे साधारण १०७ चौरस फूट. आजकाल मला ब्रीफ येतं ते माणशी साठ-सत्तर चौरस फुटांचं. जिना तेवढाच राहतो. फायर ड्रिलच्या दिवशी किती वेळात खाली उतरता ते घड्याळ लावून बघा, आणि जिन्यात जुन्या खुर्च्या रचल्यात का तेही.

आता हवा, जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. बहुतेक मोठ्या इमारतींत सेंट्रल एसी संध्याकाळी सात-आठला बंद होतो. त्यानंतर हवा असेल तर तासावर वेगळे पैसे. म्हणून रिलीजच्या रात्री तुम्हाला दमट आणि जड वाटतं. दिवसासुद्धा वीज वाचवायला बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप कमी करून ठेवतात. तीच हवा फिरत राहते, थंड होत राहते. माझ्या पर्समध्ये कार्बन डायऑक्साइडचं छोटं मीटर असतं. बाहेर रस्त्यावर ते ४२०-४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके) दाखवतं. बंद मीटिंग रूममध्ये आठ माणसं तासभर बसली की दीड-दोन हजार. दुपारी अडीचला जांभया येतात त्याला सगळ्या वेळी वरण-भात जबाबदार नसतो. मीटर काही हजारांत मिळतं. कमिटीने एक घ्या आणि आठवडाभर फिरवा. 'कोंदट वाटतं' यावर वाद होतो, आकड्यावर होत नाही.

मीनलच्या शालीबद्दल: बऱ्याच वेळा झरोका नेमका तुमच्या डोक्यावर असतो, कारण डेस्कं वाढवताना एसीच्या डक्टला कुणी हात लावत नाही. डेस्क हलवण्यापेक्षा झरोका वळवणं सोपं. फॅसिलिटीच्या माणसाला गाठा, तो शिडी घेऊन पाच मिनिटांत करतो.

---

बोरिवली_पूर्व

इतकं सगळं झालं आणि ऐरोलीबद्दल कुणी काही बोलेना! बोरिवलीहून ऐरोली म्हणजे काय असतं ठाऊक आहे का? एक तर लोकलने दादर, दादरहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर. नाही तर जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) धरा, तिथे मेट्रो सहाचं काम, पुढे ऐरोलीचा पूल. बोरिवली-ठाणे बोगदा होईल तेव्हा होईल, तोवर मी रिटायर.

जागा कितीही ऐसपैस द्या, दार द्या, ताजी हवा द्या. जाऊन येऊन साडेचार तास प्रवास केलेला इंजिनिअर त्या खोलीत बसून झोपणार.

---

नवखा_डोंबिवली

आम्हा मध्य रेल्वेवाल्यांना ऐरोली म्हणजे स्वर्ग. ठाण्याला बदलायचं आणि उलट्या दिशेची गाडी, बसायला जागा! आत्ता घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर रोज युद्ध असतं.

---

बोरिवली_पूर्व

तुमचा स्वर्ग, आमचं मरण. पश्चिमवाल्यांना मतदानाचा हक्क आहे ना या कमिटीत?

---

सीप्झचा_जुना

आमच्या वेळी मध्य-पश्चिम वाद डब्यावरून व्हायचा. पश्चिमवाले सुरळीच्या वड्या, मध्यवाले थालीपीठ.

---

कसारा_लोकल

आमच्याकडे डब्याचा वाद मायक्रोवेव्हवर आहे. एकाने सुके बोंबील गरम केले, तेव्हापासून तिथे लॅमिनेट केलेली नोटीस आहे. बोंबीलवाला अजून सापडलेला नाही. (मी नव्हे.)

---

ठाण्याची_मीनल

बोंबलांना नोटीस आणि फणसाला नाही, हा अन्याय आहे. पण धागा घसरतोय, परत या.

---

साकीनाका_उतरा

आलो. दोन दिवस मीटर शोधत होतो, एकाकडे मिळालं. आमच्या उरलेल्या मोठ्या मीटिंग रूममध्ये दुपारच्या रिव्ह्यूला १९०० च्या वर गेलं. फोटो काढून ग्रुपवर टाकला. फॅसिलिटीवाल्याने दार उघडं ठेवायचा सल्ला दिला, मग सेल्सचा आवाज आत आला, म्हणून परत लावलं.

'कलम_वाचा' म्हणतात तसं टॉयलेट, रात्रीची गाडी आणि पाळणाघर 'पूर्तता'च्या कागदावर गेलं. क्यूएची सहकारी आली आणि तो कागद तिनेच लिहिला, आमच्यापेक्षा दुप्पट लांब. एचआरने 'बघतो' न म्हणता 'कधीपर्यंत हवंय' विचारलं, हे पहिल्यांदाच.

तीन मागण्या सध्या अशा आहेत. इंजिनिअरिंगला टीमप्रमाणे दार असलेल्या खोल्या, नवख्यांसकट. आठवड्याला चार किंवा जास्त दिवस येणाऱ्याला ठरलेलं डेस्क, आणि सगळ्यांना किल्लीचा लॉकर. सर्व्हेत निम्म्या ज्युनिअरांनी 'घरी टेबल नाही' लिहिलंय, हे मॅनेजमेंटलाही नवीन होतं. तिसरीवर अडलोय: रात्री एसी चालू ठेवायचा खर्च मागायचा, की ऐरोलीला विरोध करायचा? कमिटीत मध्य आणि पश्चिम असे तट पडलेत.

---

नकाशेवाली

विरोधही करू नका, पाठिंबाही देऊ नका. एचआरकडे सगळ्यांचे पिनकोड आहेत. नावं काढून फक्त पिनकोडांची यादी मागा आणि दोन्ही जागांसाठी सकाळी नऊचा प्रवासाचा वेळ काढा. तुम्ही इंजिनिअर आहात, एका संध्याकाळचं काम आहे. कुणाचा वेळ किती वाढतो ते दिसेल. जागा ठरवण्याआधी हा तक्ता बघायचाच, ही तिसरी मागणी. एसी भाडेकराराच्या वाटाघाटीत येतो. 'आठनंतरचे अमुक तास भाड्यात' हे सहीआधी घालून घेता येतं, सहीनंतर नाही. साधारण तीन वर्षांचा लॉक-इन असतो, तोवर जागा सोडता येत नाही, तेव्हा घाई तुमच्या बाजूने करू नका.

---

साकीनाका_उतरा

हे पटलं. यादी मागतो. सही झालेली नाही, पण सीएफओ (पैशांचा कारभार बघणारा) ऐरोलीच्या भाड्यावर खूश आहे.

---

कलम_वाचा

सीएफओ कुठे राहतो?

---

साकीनाका_उतरा

मुलुंड. पूल ओलांडला की ऐरोली.

---

बोरिवली_पूर्व

संपलं.

---

नकाशेवाली

संपलं काही नाही. ऐरोलीची जागा बघायला दलालाबरोबर सकाळी अकराला जाऊ नका. रात्री आठनंतर जा. एसी बंद असेल, चारपैकी एकच लिफ्ट चालू असेल. लिफ्टच्या लॉबीत फोनला नेटवर्क येतं का बघा, टॉयलेटमध्ये पाणी येतं का बघा, खाली रिक्षा मिळते का बघा. सीएफओला बरोबर न्या.

---

बोरिवली_पूर्व

आणि तिथून त्याला माझ्याबरोबर बोरिवलीला पाठवा. जेवायला घरी आणतो, वेळेत पोचलो तर.